गुरुवारच्या कुरडया

इंदापूरच्या स्टँडवरून सुटलेल्या बारामती गाडीत दिशाला कशीबशी जागा मिळाली, तीही दोन शेजारणींच्या मधोमध. दोघींनी तिच्या अंगावरूनच गप्पा चालू ठेवल्या.

"ताईबाई, तुमच्या कुरडया पांढऱ्याफेक कशा वं? माझ्या कुरडयांवर नुसती काजळी पडतीया. कारखान्यानं वीज करायला घेतल्यापासनं वाळवणाचा नादच सोडला म्या."

"अगं जयवंता, चिमणीला धूर गाळायचं यंत्र बसवलंय की."

"बसवलंय, पर चालू कुठं असतंय?"

"साहेब तपासायला आलं की असतंय. त्याच दिवशी वाळत घालायच्या."

"ते आदुगर कसं कळायचं? गहू तीन दिवस भिजवावं लागत्यात."

"माझा भाचा गेटवर हाय. साहेबाचं पत्र आलं की फोन करतो, 'मावशे, गहू भिजव.' आजवर एक घाणा काळा पडला न्हाय."

"मग आता कवा?"

"गुरुवारी येत्यात. कालच भिजत घातलं."

गुरुवारचं ते पत्र दिशानंच पाठवलं होतं. तिनं मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

"मावशी, कारखान्याचा फाटा आला की सांगाल?"

"सांगते की. नवीन लागलाय व्हय कामाला?"

"नाही. चिमणी तपासायला निघालेय."

ताईबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आज? असं कसं, बाई? माझं गहू अजून भिजत्यात की!"