मेजर आजोबांचा अर्ज

दिल्लीहून कायदा शिकून निरगुडसरला परतले, तेव्हा वाटलं होतं की इथे अन्यायाशी लढेन. पण पहिला अन्याय मीच केला.

शेजारचे मेजर आजोबा फौजेतून निवृत्त झालेले. एक दिवस म्हणाले, "पोरी, माझ्या पेन्शनच्या कागदात नाईक लिवलंय. पद चुकलंय. तेवढं दुरुस्त करून दे."

सगळं गाव त्यांना मेजर म्हणतं, त्यामुळे पुढे काही विचारायची मला गरजच वाटली नाही. तीन पानांचा जळजळीत इंग्रजी अर्ज लिहिला. आजोबांनी विश्वासाने सही केली आणि मी तो मंचरहून रजिस्टर पोस्टाने फौजेच्या कचेरीला धाडला.

संध्याकाळी ऐटीत त्यांच्या घरी अर्जाची प्रत मराठीत समजावून सांगायला बसले. त्यांनी मध्येच हात वर केला.

"यातला मेजर कोण?"

"तुम्हीच की! सगळं गाव म्हणतं."

"अगं, फौजेतनं आलेल्या परत्येकाला गाव मेजरच म्हणतं. मी हवालदार व्हतो. बारा वर्सांनी बाहीवर हवालदाराची तिसरी फीत मिळाली, तीच कागदावर न्हाई. मला एक पायरी पायजे व्हती, तू तर पार हापिसर केलंस!"

आजी आतून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की, झालात तर झालात."

आजोबा हसले नाहीत. "आता हवालदार व्हतो, हे बी त्यांना खोटंच वाटंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं: नवा अर्ज चार ओळींचा, आजोबा सांगतील तेवढाच. आणि त्याला वर जोडायची माझी कबुली, माझ्या सहीनिशी: यांनी मेजरपद मागितलेलं नाही, ते मी यांना न विचारता दिलं.