नोव्हेंबरातली दया

सन्माननीय अध्यक्ष शशिधरकाका, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, आत्ता इतक्या सुंदर आवाजात ज्यांनी मानपत्र वाचलं ते आपल्या मराठी मंडळाचे चिटणीस राजीव, माझ्या आईच्या वयाच्या सगळ्या मावश्या, आणि मिल्टन कीन्समधले राउंडअबाउट चुकत चुकत का होईना, वेळेवर पोचलेल्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, मनापासून आभारी आहे. स्कॉटलंडला जायचंय म्हटल्यावर शाल लागणारच आहे, ती ज्यांनी निवडली त्यांचे वेगळे आभार. पण मानपत्राबद्दल मला बोलायचंय, आणि ते मी रागाने बोलणार आहे. यतीन मघाशी गाडीत म्हणाला, दोन मिनिटं गोड बोल आणि खाली बस, जेवण गार होतं. मी त्याला हो म्हटलं होतं. यतीन, सॉरी.

मानपत्रात म्हटलंय, ‘मुक्या जिवांवर जिने कधी शस्त्र उगारू दिलं नाही, अशी हरणांची कैवारी.’ राजीव, हे कुणी लिहिलं? हसताय म्हणजे तुम्हीच. अहो, सात वर्षं मी चेसली वूडची डिअर मॅनेजर होते. त्या रानात कुठली हरणं मारायची, कधी आणि कुठून, हे ठरवणं हेच माझं काम होतं. रायफलचं लायसन्स माझ्या नावावर आहे. मचाणावर मी स्वतः बसते. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं म्हणू नका, कारण दर डिसेंबरात तांबड्या रश्शासाठी माझ्याकडे हरणाचं मटण कोण कोण मागत होतं, त्यांची नावं मला घ्यायला लावू नका. मागच्या दोन रांगांनी लगेच माना खाली घातल्या बघा.

खरी अडचण अशी की या कामाला आपल्याकडे शब्दच नाही. ‘शिकार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मिशीवाले राजेसाहेब आणि भिंतीवरची शिंगं येतात. माझं माहेर नागपूरचं. तिकडच्या जंगलात हरणांचं काय करायचं ते वाघ बघून घेतो, आपण जिप्सीत बसून फोटो काढले की झालं. इथे इंग्लंडात वाघ कुठून आणणार? कळप वाढतच जातो. हेझलच्या झुडपांना फुटलेला प्रत्येक कोंब हरणं खातात. मे महिन्याच्या बँक हॉलिडेला ज्या ब्लूबेल्समध्ये बसून तुम्ही मुलांचे फोटो काढता, ती फुलंसुद्धा खातात, आणि शेवटी हिवाळ्यात स्वतःच उपाशी मरतात. म्हणून माद्या कमी कराव्या लागतात. मला त्यात आनंद होतो असं कुणाला वाटत असेल, तर त्याने एकदा पहाटे माझ्याबरोबर यायला हवं होतं.

आता जरा नीट ऐका, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातं. कायद्याने माद्यांचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. पाच महिने. पण ते पाच महिने सारखे आहेत का? मुळीच नाहीत. नोव्हेंबरात हरणीच्या अंगावर उन्हाळ्यातली चरबी असते. कुणी मागे लागलेलं नसतं, म्हणून ती उजेडात निर्धास्त बाहेर येते. तेव्हा थोडं थोडं काम करायचं. आज या कडेला बसलो, तर पुढे बरेच दिवस इकडे फिरकायचंच नाही. एकाच मचाणावर लागोपाठ बसायचं नाही. आणि रानाचा एक कोपरा असा राखायचा, की तिथे बंदूक घेऊन कुणी कधीच जाणार नाही. नाताळपर्यंत बहुतेक काम उरकायचं. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, जेव्हा खायला काही नसतं आणि पोटातलं पिल्लू वाढत असतं, तेव्हा राहिलेल्या हरणींना निवांत ठेवता येतं. सात वर्षं मी दुसरं काही केलं नाही. फक्त हेच सांभाळलं.

आणि गेल्या वर्षी दसऱ्याच्या कार्यक्रमात आपण काय केलं? मी त्या दिवशी कामावर होते. श्रीखंड-पुरीच्या आधी राजीवनी ठराव मांडला, ‘चेसली वूडमधील हरणांची निर्घृण हत्या तत्काळ थांबवावी.’ अरुणामावशींनी अनुमोदन दिलं. सगळ्यांनी हात वर केले, टाळ्या झाल्या, पंगत बसली. एकमताने! जिचं हे काम, ती तुमच्यातलीच एक, तिला एक फोन करावा, असं एकालाही वाटलं नाही? मग आपलं शिष्टमंडळ ज्या ट्रस्टचं ते रान आहे त्यांना जाऊन भेटलं. ट्रस्टच्या लोकांना ‘लोकल कम्युनिटी’ हे दोन शब्द ऐकले की घाम फुटतो. त्यांनी काम थांबवलं. मी चार वेळा जाऊन सांगितलं, मॅनेजर आहे म्हणून सांगितलं, सभासद आहे म्हणून राजीवनाही सांगितलं. राजीव म्हणाले, शिल्पा, इतकी निष्ठुर कशी गं तू?

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. एकही गोळी सुटली नाही. तुम्ही खूश होता.

जानेवारीत रान चाटूनपुसून साफ झालं. हरणं शेतात उतरली, रस्त्यावर आली. दोन गाड्या ठोकल्या. लगेच त्याच ट्रस्टची तंतरली, आणि मला हुकूम आला, अख्ख्या हंगामाचं काम फेब्रुवारीच्या एका पंधरवड्यात उरका. मी म्हटलं, नाही. हे वर्ष जाऊ द्या, आता त्यांना हलवूसुद्धा नका, नोव्हेंबरात नीट सुरुवात करू. त्यांनी बाहेरचे लोक आणले. रोज, सकाळ-संध्याकाळ, सगळ्या बाजूंनी. मी राखलेल्या कोपऱ्यातसुद्धा. गाभण, अर्धपोटी जनावरं या टोकाकडून त्या टोकाला पळवली. मी राजीनामा दिला. आज मानपत्रात तुम्ही ज्याला ‘नवी संधी’ म्हणताय ना, ती ही. यतीनची नोकरी इथे, माझी तिकडे स्कॉटलंडला. लग्नाच्या बाराव्या वर्षी आम्ही वीकेंडचे नवरा-बायको होणार आहोत, आणि तुम्ही शुभेच्छा देताय.

अरुणामावशी, मी ते सांगू ना? कार्यक्रमाआधी विचारलं होतं मी त्यांना. मान हलवताहेत, म्हणजे सांगते.

त्या पंधरवड्यात एका सकाळी अरुणामावशींचा फोन आला. त्यांच्या बागेत एक हरणी येऊन बसली होती. कुंपणावरून उडी मारताना पाय मोडला होता. मी पोचले तेव्हा मावशी नाइटगाउनवर कोट घालून गवतात बसल्या होत्या. शेजारी पाण्याचं पातेलं. म्हणाल्या, “ही पीत नाही गं. दमलीय नुसती.” मी व्हेटला बोलावलं. त्याने तपासलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मावशींचा हात तिच्या पोटावर होता. त्यांनी मला मराठीत विचारलं, “आत हलतंय. ते तरी वाचेल का?” हरणं जूनमध्ये वितात. तेव्हा फेब्रुवारी होता. व्हेटने इंजेक्शन दिलं, आणि ते पोटातलं हलणं थांबेपर्यंत मावशींनी हात काढला नाही.

तुमची दया ती ही. दसऱ्याला हात वर करून नोव्हेंबरात केलेली. मारू नका म्हणणं सोपं असतं हो. टाळ्या वाजवून आपण घरी जातो, रान तिथेच राहतं. मला निष्ठुर म्हणालात, चालेल. पण माझ्या सात हंगामांत एक तरी हरणी अशी मेली का, हे विचारायचा तुम्हाला धीर नाही.

आता ऑक्टोबर चालू आहे. माझ्या जागी नवा माणूस आलाय, चांगला आहे. तो नोव्हेंबरात सुरुवात करायला तयार आहे. ट्रस्ट त्याला म्हणतो, मराठी मंडळाचा विरोध कागदावर आहे, तो मागे घेतला तर बघू, नाहीतर थांबू. थांबू म्हणजे काय, ते तुम्हाला आता कळलंय. म्हणून अध्यक्षमहाराज, मी या मंडळाची अजून सभासद आहे, आणि मी ठराव मांडते, की गेल्या दसऱ्याचा ठराव मंडळ मागे घेत आहे.

राजीव, हे ठरावांचं व्यासपीठ नाही, हे मला माहीत आहे. गेल्या वर्षी श्रीखंडाची पंगत होती, तीही ठरावाची जागा नव्हती. शशिधरकाका परवानगी देताहेत. थँक यू, काका. अनुमोदक हवा आहे.

थांबते मी. जेवण गार झालं तर होऊ दे.

मावशी, तुम्ही बसा. तुम्ही उठायला हवं असं नाही. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून नाही सांगितलं मी ते... बरं. उभ्याच राहा. चिटणीस, लिहून घ्या. अनुमोदक, अरुणा केळकर.

आता बाकीच्यांनी हात वर करायचे की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी बघणार नाही, मी खाली बसतेय. इतकी वर्षं या गावात मला घर दिलंत, माझ्या बाळंतपणात डबे पोचवलेत, ते मी विसरलेले नाही, म्हणूनच इतकी चिडले. परक्यांवर कोण कशाला चिडेल? सत्काराच्या दिवशी यजमानांना टाकून बोलले, मर्यादा सोडली असेल, तर मोठ्या मनाने ते पोटात घाला. फेब्रुवारीत जे झालं, ते मात्र कुणी पोटात घालू नका.