कापराची पोटली

अडाणीपणाचा विषय निघालाच आहे, तर माझाच सांगतो. माझा धाकटा भाऊ शंकर हुपरीला पैंजण घडवतो. मधुमेहामुळे त्याच्या पायाची जखम भरेना. बंद कक्षात दाबाखाली ऑक्सिजन देऊन पाहू, नाहीतर पाऊल काढावे लागेल, असे कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले.

शंकर हबकला. "अण्णा, ऑक्सिजन लावला म्हंजे माणूस संपलाच की."

"तो उपचार आहे, अखेर नव्हे," मी दटावले. शिक्षक होतो, दटावण्याची सवय आहे.

तरीही निघताना देवीपुढच्या कापराची पोटली मी त्याच्या करगोट्याला बांधली. कापराने ऑक्सिजन वाढतो, असे ऐकले होते, तपासले नव्हते. "कोणाला दाखवू नकोस," असेही बजावले.

कक्षापाशी तंत्रज्ञ मुलीने त्याला सुती अंगरखा दिला आणि विचारले, "काका, अंगावर तेल, अत्तर, काडेपेटी, काही नाही ना? आत ऑक्सिजन जास्त असतो, पेट घ्यायला वेळ लागत नाही."

"न्हाय," शंकर म्हणाला आणि त्याने माझ्याकडे पाहिले.

दार लागू लागले. मी देवीचे नाव घेतले. पण बोलायचे मलाच होते.

"थांबा. त्याच्या कमरेला कापूर आहे. मीच बांधला आहे."

मुलीने पोटली काढून घेतली आणि माझ्या हातावर ठेवली. शंकर म्हणाला,

"अण्णा, मी नुसता मरणाला भ्यालतो. तू तर कापूरबी संगं देऊन धाडत हुतास की."