झुरळांची वेळ झाली!

...आणि वर मलाच सांगतात, “आई, दिवा मालवा, झुरळांची वेळ झाली!” माझ्याच खोलीत, मला! तुम्हाला सांगते, उभा जन्म शाळेत व्याकरण शिकवलं, म्हटलं, निवृत्तीनंतर दुपारी पलंगावर लवंडायचं आणि वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका निवांत काढायच्या... तर सूनबाईंनी त्याच खोलीत काचेच्या पेट्या आणून मांडल्या. पेट्यांत काय? झुरळं! ज्यांच्यामागे मी चप्पल घेऊन घरभर धावले, ती आता पाळीव! संशोधन म्हणे!

“आई, झुरळाच्या शरीरातला हा संप्रेरक ठरल्या वेळी वाढतो...”

“हे संप्रेरक! वाढते! नपुंसकलिंग!”

“तेच ते हो! त्याच्यावर त्यांचा दिवस चालतो. प्रयोगासाठी मी त्यांची रात्र दुपारी आणलीय.”

रात्र दुपारी! म्हणजे खिडकीला काळा कपडा, मिक्सर बंद, शिंकायचं तेसुद्धा पदर तोंडाशी धरून! आणि आमचे चिरंजीव? “आई, जरा समजून घे ना...” हा! लहानपणी झुरळ दिसलं की स्टुलावर चढून बोंबलणारा हा! अहो, मला संप्रेरकं नाहीत? चहाला उशीर झाला तर माझ्या वाक्यात कर्ता एकीकडे, क्रियापद दुसरीकडे. पण ते कोण मोजणार? झुरळांची वेळ झाली ना!

मग मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. रोज दुपारी गुपचूप आत, डोक्यावरून पांघरूण, आत बॅटरी आणि वर्तमानपत्र! एके दिवशी सूनबाई कडाडल्या, “आई! तुमचा उजेड बाहेर येतो! त्यांना वाटलं, उजाडलं! संप्रेरकाची वेळच सरकली!” संपलं, म्हटलं, आता खोली कायमची गेली...

तर बाईसाहेब हसायला लागल्या! “एवढ्याशा उजेडानंही वेळ सरकते, आई, केवढं मोठं सापडलं हे! आता खोली तुमची. फक्त रोज याच वेळी बॅटरी लावायची, चुकवायची नाही हं!”

खोली मिळाली हो, पण डोळा लागला की दारातून हाक, “आई, झुरळांची वेळ झाली!”

परवा मासिकात त्यांचा लेख आला. चिरंजीव नाचत आले, “आई, तुझा उल्लेख आहे!” लगबगीनं चष्मा लावला... नाव नाही, गाव नाही. “घरातील एक अनियंत्रित प्रकाशस्रोत.” अनियंत्रित! मी! आणि तोही पुल्लिंगी! तळपायाची आग मस्तकात गेली, लाल पेन उघडलं, लेख तीनदा वाचला... आणि काय सांगू तुम्हाला, व्याकरणाची एकही चूक नाही हो!