येसरची वेबसाइट आणि सासरची गर्दी

फुकटची वेबसाइट कुठं टाकावी हे बायांनो, मला विचारा. माझ्या येसर मसाल्याची मी टाकली ना! तिथं लिहिलेलं होतं, महिनाभर कुणी फिरकलं नाय तर साइट बंद. महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला, कुणी फिरकलं नव्हतं, आणि नेमकं त्याच दिवशी बिडकीनच्या एका कंपनीच्या कॅन्टीनचे मॅनेजर साइट बघून ऑर्डरचं ठरवणार होते.

मी सकाळीच घरच्या ग्रुपवर टाकलं, "जरा सगळ्यांनी साइट उघडा गं." सासर-माहेर एकदम कामाला लागलं. शेजारच्या नसरीनलाही सांगितलं होतं; ती म्हणाली, "भाभी, मैं तो सुबह से खोलके बंद, खोलके बंद करतीच बैठी!"

दुपारी मॅनेजरांचा फोन. "मॅडम, साइट उघडत नाय. आजच्या भेटींची मर्यादा संपली, उद्या या, असं दाखवतंय."

आमचे हे समोर जेवत होते. म्हणाले, "दुकान तूच मांडलं, कुलूपही तूच लावलं."

काय सांगू, घरच्या ग्रुपवरच्या आमच्या आत्याबाईंनीच निम्मी मर्यादा खाल्ली म्हणून?

फोनवर मॅनेजरच पुढं म्हणाले, "एवढी गिऱ्हाइकं आहेत, तर आम्हाला माल पुरेल ना? आमचा आधी काढून ठेवा बरं."

मी म्हणलं, "बघते साहेब. गर्दी लई आहे."

तर फुकटची साइट चांगली कोणती? जी ऐन वेळी बंद पडते ती.