तारेला जीभ

हसू नका, पण माझा मेव्हणा धर्मा एकदा तुरुंगात जायला निघालेला. ठाण्याच्या खाडीच्या तळातून रेल्वेची तार गेलेली, आत तांबं आणि वरून डांबर. तिच्यावरून पलीकडच्या स्टेशनात घंटा वाजायची, मगच इकडून गाडी सुटायची. एका सकाळी घंटा वाजेना. तारवाला शिपायाला घेऊन आला आणि मिठागरावरच्या आम्हा सगळ्यांना काठावर उभं केलं. तार तोडणाऱ्याला तुरुंग, हे आम्हाला ठाऊक होतं. तारवाल्याने चिखलातून तुटकं टोक ओढलं आणि पुढे उभ्या धर्माला म्हणाला, "याला जीभ लाव."

कुणी कबूल होईपर्यंत एकेकाची जीभ जाळणार, असंच आम्ही समजलो. धर्माने हात जोडले.

"मीच तोरली, सायेब."

तारवाला चक्रावला. "अरे, पलीकडून वीज येते का, तेवढंच बघायचं होतं. आली तर जिभेला झिणझिण्या येतात. तार खडकाला घासून तुटलीय."

शिपाई गेल्यावर मी विचारलं, "न केलेलं कबूल का केलंस रे?"

"दाजी, जीब जलन्यापरास तुरुंग बरा वाटला मना."