देवीचा कौल आणि आईची खोली

ऐका मंडळी, आज आधी प्रश्न, मग कथा. ज्याच्यासाठी घर बांधायचं त्यालाच विचारलं नाही, तर ते घर कुणाचं? ... आत्ताच माना खाली घालू नका, कथा अजून सुरू व्हायची आहे!

राजापुराकडच्या एका गावात द्वारकाबाई शिर्सेकर राहायच्या. गुडघे गेलेले. न्हाणीघर मागच्या परसात, वाट शेवाळलेली. एकदा घसरल्या, आणि तेव्हापासून सुनेचा हात धरल्याशिवाय तिकडे जाता येईना. जन्मभर दुसऱ्यांचं केलेल्या बाईला याची किती लाज वाटते! मुलगा सुहास म्हणाला, "आई, तुझ्यासाठी नवी खोली काढतो, बाथरूमसकट." म्हातारीनं देवापुढे साखर ठेवली.

आता आर्किटेक्ट निवडायचा. आधी आल्या मृणाल कोचरेकर. घर बघण्याआधी म्हातारीजवळ बसल्या. "आजी, जरा चालून दाखवता?" द्वारकाबाई चालल्या, आणि ह्या बघत राहिल्या — हात कुठे टेकतो, पाय कुठे अडतो. कागदावर काय आलं? माजघराला लागून खोली, उंबरा नाही, भिंतीला धरायला दांडा. झालं!

सुहासचं तोंड उतरलं. "एवढंच? मग लोकांना दिसणार काय?"

दुसरे आले टंगसाळे. लॅपटॉप उघडला — माडीवर खोली, काचेचा कठडा, खिडकीतून खाडी! म्हातारी कोपऱ्यातच बसली होती. तिला वाकून नमस्कार केला हो त्यांनी. पण विचारलं? एक अक्षर नाही!

सुहास गेला ग्रामदेवीला कौल लावायला. रीत तुम्हाला ठाऊक आहे: मूर्तीच्या दोन्ही अंगांना कळी लावायची, उजवी आधी पडली की देवीचा होकार. "मृणालबाईंना काम देऊ?" — उजवी! "गुरवकाका, कळी ओली होती. परत लावा." — परत उजवी! मग ह्या शहाण्यानं प्रश्नच बदलला. "टंगसाळ्यांना देऊ?" डावी. परत लावा. डावी. परत लावा... आणि पडली एकदाची उजवी. "बघा, देवीच म्हणाली!" अरे, ती देवी आहे की तुझ्या हाताखालची कारकून? सही होईपर्यंत कागद पुढे सरकवतोस!

माडी झाली. वास्तुशांतीला गाव लोटला, काचेच्या कठड्याशी फोटो निघाले. आणि द्वारकाबाई? जिन्याच्या पहिल्या पायरीशी, भिंतीला हात टेकून. पाय उचलेना. खोली तिची, बाथरूम तिचं — आणि ती खाली! संताप येतो मंडळी, खरंच सांगतो. सून आली, तिनं हात धरला, आणि नव्याकोऱ्या घराला वळसा घालून दोघी परसाकडे गेल्या, त्याच शेवाळलेल्या वाटेनं.

दोघी परत आल्यावर सुहास ओशाळून म्हणाला, "आई, काहीतरी चुकलंच. आता काय करायचं ते देवीलाच विचारू."

म्हातारी रागावली नाही. म्हणाली, "तिला कशाला दमवतोस? विचारायचं होतं तेव्हा मी घरातच होते रे."

हसलात ना मघाशी, सुहास 'कळी ओली होती' म्हणाला तेव्हा? तुमच्यातल्या किती जणांकडे आत्ता मिस्त्री लागलेत? कोनशिलेवर नाव 'आईची कृपा', आणि आईला संडासाची कडी सापडत नाही! आता उठाल, देवीला हात जोडाल. जोडा. पण घरी गेल्यावर आई बसते त्या कोपऱ्याजवळ बसा आणि विचारा, "तुला काय हवंय?" उत्तर लगेच येणार नाही. थांबा जरा. कुणी आपल्याला विचारावं, याची तिची सवय मोडलेली असेल.